सगळ्या आत आहेत

रोज संध्याकाळी साडेसातला मी हॉस्टेलची दारं वाजवत निघते. तळमजल्यावरच्या एक नंबरपासून सुरुवात, तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीपर्यंत. दारावर बोटांनी दोनदा टकटक करायचं आणि थांबायचं. आतून दोनदा टकटक आली की एक मुलगी, पुन्हा दोनदा आली की दुसरी. एका खोलीत दोघी. मग पुढचं दार. पाऊण तास लागतो. जिना चढताना माझा उजवा गुडघा दुखतो, आणि मी अजून तिशीचीही नाही.

पूर्वी हे काम एका रजिस्टरवर व्हायचं. साडेसहाला रजिस्टर खालच्या टेबलावर उघडं ठेवायचं, मुली येताजाता आपल्या नावासमोर सही करायच्या, साडेसातला मी ते मिटायची आणि गेटला कुलूप लावायची. किल्ली माझ्या खोलीत खिळ्याला. त्यात मला कोणाशी बोलावं लागत नसे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मला ते काम आवडायचं.

मी या विद्यापीठात इंग्रजी शिकवते, तात्पुरत्या नेमणुकीवर. सहायक वॉर्डनचं काम त्याला जोडून आलं. सोनागिरीहून, आईबाबांच्या घरून, शहराच्या या टोकाला यायला दोन बस बदलाव्या लागायच्या. हॉस्टेलमध्ये खोली मिळत होती, म्हणून हो म्हटलं. आईला हसू आलं होतं. "वॉर्डन? तू? पाहुणे आले की मोरीत जाऊन बसायचीस, आता शंभर पोरींना ओरडणार?" बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांना कोणतीही नेमणूक चांगलीच वाटते. ते म्हणाले, "ओरडायचं कशाला? रजिस्टर असेल ना."

शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, घर मराठी. तिन्हींमध्ये मी कमीच बोलायची. बघायची मात्र पुष्कळ. त्यामुळे नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की रजिस्टरमधल्या सगळ्या सह्या खऱ्या नाहीत. तीन खोल्यांच्या सह्या एकाच हिरव्या पेनाने असायच्या. एका मुलीची सही सोमवारी उजवीकडे कललेली, मंगळवारी डावीकडे. लायब्ररीत उशीर होणारी, शिकवणीहून येणारी, नुसतीच तळ्याकाठी बसलेली, अशा सगळ्यांच्या सह्या रूममेट करून टाकायच्या. मुली त्याला प्रॉक्सी म्हणायच्या. आठ-सव्वाआठला त्या यायच्या, गेटवरच्या दीदी माझ्याकडे बघायच्या, मी किल्ली द्यायची आणि दुसरीकडे बघायची.

मी स्वतःला सांगायची, मी मऊ आहे, मुलींना समजून घेते. पण ते खरं नव्हतं. एखादीला समोर उभं करून "ही सही तुझी नाही" असं म्हणणं मला जमणारच नव्हतं. बोलण्याचा प्रसंग टळतोय एवढ्यासाठी मी ते वर्षभर चालू दिलं.

मग एके दिवशी दुपारी कँटीनजवळ मुलांच्या दोन गटांत भांडण झालं. कशावरून, याच्या मी नंतर चार गोष्टी ऐकल्या आणि एकीवरही माझा विश्वास बसला नाही. संध्याकाळ होताहोता बाहेरची माणसं आली, मोटरसायकलींवर, तोंडाला गमछे बांधून. त्यांच्या हातात काठ्या होत्या, हॉकी स्टिक होत्या. आमच्या गेटला पूर्ण पत्रा आहे, बाहेरचं काही दिसत नाही. आम्हाला फक्त काचा फुटल्याचं ऐकू येत होतं, आणि मोटरसायकली एकाच जागी रेस करत ठेवल्याचा आवाज.

साडेसात वाजताच मुख्य वॉर्डन मॅडमचा फोन आला. त्या शहरात राहतात. "गेट लावून घ्या. मुली आत आहेत ना?"

मी टेबलाकडे गेले. रजिस्टर उघडलं. शेवटच्या रेघेपर्यंत सह्या होत्या. एकही जागा रिकामी नव्हती.

"सगळ्या आत आहेत," मी म्हटलं आणि कुलूप लावलं.

पाच-सात मिनिटांनी कोणीतरी बाहेरून गेट वाजवायला लागलं. हाताच्या तळव्याने, भराभर. गेटवरच्या दीदी खुर्चीवरून उठल्या. त्या पन्नाशीच्या आहेत, एका एजन्सीतर्फे लागलेल्या, माझ्या कितीतरी आधीपासून या गेटवर बसलेल्या. पत्र्याला कान लावून म्हणाल्या, "मॅम, लड़की की आवाज़ है. खोल दूँ?"

मी म्हटलं, "नाही. सगळ्या आत आहेत. ते आपल्याला उघडायला लावतायत." हे मी हिंदीत म्हटलं असणार, मला ते मराठीत आठवतं. माझ्या हातात रजिस्टर होतं आणि मी ते छातीशी धरलं होतं. एवढ्या सह्या खोट्या आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी ते ठाऊक असणं कुठे गेलं कोण जाणे. मला कागदावर लिहिलेलं काहीतरी हवं होतं.

वाजवणं थांबलं.

त्यानंतर थोड्या वेळाने बारा नंबरमधली एक मुलगी जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिच्या रूममेटचा फोन होता. ती म्हणाली की तिने रूममेटला फोन लावला तर तो शेजारच्या पलंगावरच वाजला, चार्जिंगला लावलेला. "मॅम, वो बाहर है. साइन मैंने की थी."

बाहेर एकूण तिघी होत्या. दोघींना लायब्ररीतल्या बाईंनी पुस्तकांच्या कपाटांमागे बसवून ठेवलं होतं, त्यांना काही झालं नाही. बारा नंबरची तिसरी पोलिसांना आमच्या भिंतीलगत, सायकल स्टँडपाशी सापडली. डोक्याला टाके पडले. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. गेटपासून ती जागा माझ्या पावलांनी चौतीस पावलांवर आहे. हे मी नंतर मोजलं, आणि मोजून काय मिळालं ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य वॉर्डन मॅडमचं ब्लड प्रेशर वाढलं आणि त्या रजेवर गेल्या. मी सहायक, हॉस्टेल माझ्याकडे आलं. दिवसभर पालकांचे फोन. बाहेर गाड्या, रिक्षा, कुणाचे मामा, कुणाचे वडील. निम्म्याहून जास्त मुली गेल्या. ज्यांची गावं लांब होती किंवा ज्यांना घरी गेलं तर परत पाठवणार नाहीत अशी भीती होती, त्या राहिल्या. साधारण चाळीस. त्या वरच्या मजल्यांवर झोपायला तयार नव्हत्या.

कुलगुरूंनी मला बोलावलं. ते वयस्कर आहेत, हळू बोलतात, त्या आठवड्यात तर आणखीनच हळू. म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. पालकांना एक पत्र लिहा. धीर वाटेल असं." मी तिथेच बसून लिहिलं. बोलण्यापेक्षा लिहिणं मला नेहमीच सोपं गेलंय. पहिल्या परिच्छेदात मी लिहिलं की घटनेच्या वेळी हॉस्टेलच्या विद्यार्थिनी गेटच्या आत सुरक्षित होत्या. जखमी मुलीचा उल्लेख कुलगुरूंच्या सांगण्यावरून गाळला. नाव बाहेर जाऊ नये म्हणून, असं ते म्हणाले, आणि ते कारणही खोटं नव्हतं. पत्र त्याच दुपारी सगळ्या पालकांच्या फोनवर गेलं.

त्या संध्याकाळी मला मुलींसमोर बोलायचं होतं. मी एक पान लिहून नेलं होतं, इंग्रजीतच. त्यात समाज, विश्वास, पुन्हा उभं राहणं असले शब्द होते. चाळीस मुली हॉलमध्ये भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांनी मध्ये जागा रिकामी सोडली होती. मी पान उघडलं आणि मला ते वाचता येईना. मग मी म्हटलं, "मेसवाल्या मावशी आज येणार नाहीत. तांदूळ आणि मूगडाळ आहे. खिचडी कोण करेल?"

दोन हात वर आले. मग पाच.

"आणि गाद्या खाली आणू. सगळ्या इथेच झोपू. मीसुद्धा."

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅम, आप खर्राटे तो नहीं लेतीं?"

"घोरते का, माहीत नाही," मी म्हटलं. "आजवर कोणी सांगितलं नाही." थोड्या हसल्या. माझं पहिलं भाषण ते एवढंच. खिचडी खाली लागली होती, तरी सगळ्यांनी खाल्ली.

पुढचे दिवस मला एकमेकांत मिसळलेले आठवतात. काचा बसवणारे, रंगारी, पोलिसांची चौकी. बाहेरून एक तज्ज्ञ समुपदेशक बाई आल्या, त्यांनी मुलींना गोलात बसवून मनातल्या भीतीचं चित्र काढायला सांगितलं; एकीने मेसच्या वांग्याच्या भाजीचं चित्र काढलं आणि ते नोटीसबोर्डावर लावलं. कुलगुरूंनी मुलं-मुली-शिक्षक अशी एक सभा घेतली. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. दोन तास कोणी काही बोललं नाही, फक्त पंखे फिरत होते, आणि शेवटी सगळ्यांनी समोसे खाल्ले. तरी कुलगुरूंनी ती सभा पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतली, आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी एक मुलगा म्हणाला की त्याला त्या दिवशी एक ओळखीचा चेहरा दिसला होता आणि तो स्वतः तिथून पळून गेला होता. एवढंच बोलला आणि खाली बसला. त्यानंतर मात्र लोक बोलायला लागले, सगळे एकदमच, आणि ते ऐकणं शांततेपेक्षा जास्त थकवणारं होतं.

रजिस्टर मात्र कोणी उघडत नव्हतं. मी पहिल्या दिवशी सवयीने टेबलावर ठेवलं. साडेसातला बघितलं तर पान कोरं. दुसऱ्या दिवशीही. मुली टेबलाच्या लांबून जायच्या. मी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच उठले आणि मोजायला निघाले. तेव्हा मुली हळूहळू आपापल्या खोल्यांत परतायला लागल्या होत्या. दार वाजलं की त्या दचकायच्या, म्हणून ठरवलं, माझी टकटक दोनदा. आतून त्यांनीही दोनदा. हे कोणी सुचवलं ते आता कुणालाच आठवत नाही. माझ्यासाठी सोयीचंच होतं, यातही बोलावं लागत नव्हतं. बारा नंबर बंद होता. जखमी मुलगी हॉस्पिटलमध्ये, आणि जिने सही केली होती ती हॉलमध्येच झोपायची. ती खोलीत जायला तयार नव्हती.

पाचव्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. खरं तर दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. रोज काहीतरी काम निघायचं आणि रोज मला बरं वाटायचं.

मुलगी झोपलेली होती. हात प्लास्टरमध्ये, डोक्याचे केस एका बाजूने काढलेले. शेजारी तिचे वडील. ते बैतूलकडच्या एका गावात शाळेत शिक्षक आहेत. मी हिंदीत सुरुवात केली, पण माझं आडनाव ऐकल्यावर ते मराठीत बोलायला लागले, आमच्या घरच्यापेक्षा वेगळ्या, हिंदी मिसळलेल्या मराठीत.

"ताई, तुम्हीच का हॉस्टेलच्या?"

"हो."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझंच पत्र होतं. फोनवर आलेलं त्यांनी हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून छापून आणलं होतं. पहिल्या परिच्छेदाखाली पेन्सिलने रेघ होती.

"माझं इंग्रजी कच्चं आहे. भाच्याकडून वाचून घेतलं. इथं लिहिलंय, पोरी गेटच्या आत होत्या." त्यांनी पलंगाकडे बघितलं. "मग ही कोणाची?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्या मुलाला चूक दाखवावी तसं ते विचारत होते. मी म्हटलं, "ते पत्र घाईत लिहिलं." ते उत्तर नव्हतं हे त्यांनाही कळलं. त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

"एकच सांगा. हिची हॉस्टेलची सीट राहील का? तुमच्या ऑफिसातले म्हणतात, बिना परमिशन बाहेर होती, सीट जाईल. सीट गेली तर मी हिला घरी नेतो. बाहेर खोली करून नाही ठेवणार. हिची मावशी इथंच मिसरोदला आहे, पण तिच्याकडे सहा माणसं दोन खोल्यांत. चार महिने राहिलेत एम.एस्सी.चे. घरी नेली की मग नेलीच, ताई. मी मला ओळखतो. हिची आई तर मला माझ्यापेक्षा जास्त ओळखते, ती आत्तापासून रडतेय."

मी म्हटलं, "मी बघते." निघताना मुलीचे डोळे उघडे होते. ती किती वेळ जागी होती माहीत नाही.

चौकशी समिती तीन जणांची होती. तिच्यासमोर जाण्याच्या आदल्या दिवशी मुख्य वॉर्डन मॅडमनी मला घरी बोलावलं, जवाहर चौकाजवळ. त्यांनी चहा केला, चिवडा दिला. त्या वाईट नाहीत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेली बाई जेवढी घाबरते तेवढ्या घाबरल्या होत्या. हॉस्टेलतर्फे द्यायचं निवेदन त्यांनी तयार ठेवलं होतं. त्यात होतं की रजिस्टरप्रमाणे सर्व विद्यार्थिनी आत होत्या. तिघी विनापरवानगी बाहेर राहिल्या आणि खोट्या सह्यांनी त्यांनी प्रशासनाची दिशाभूल केली. त्यांचा हॉस्टेल प्रवेश रद्द व्हावा.

"तुला काही खोटं बोलायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "रजिस्टरमध्ये सह्या होत्या की नव्हत्या?"

"होत्या."

"मग झालं. तुझी नेमणूक जूनमध्ये रिन्यू व्हायची आहे. सही कर."

मी म्हटलं, उद्या करते. निवेदन पर्समध्ये ठेवलं.

हॉस्टेलवर परतले तेव्हा दीदी गेटवर होत्या. मी आत गेल्यावर त्यांनी गेट लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅम, कल मुझे भी बुलाया है. मैंने उस दिन कुछ नहीं सुना था. आपने भी नहीं सुना."

मला आधी वाटलं, त्या मला वाचवतायत. मग कळलं, त्या स्वतःलाही वाचवत होत्या. गेट त्यांचं होतं, एजन्सी एका फोनवर दुसरी बाई पाठवते. आणि मग हेही कळलं की दोन्ही एकच आहे, आणि त्यात सायकल स्टँडपाशी पडलेल्या मुलीला कुठेच जागा नाही. मी त्यांना विचारलं, "आपने सुना था ना?" त्या कडीशी खेळत राहिल्या. "आवाज़ तो अब भी आती है," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या.

त्या संध्याकाळी बारा नंबरच्या बंद दारासमोर मी थांबले. टकटक केली नाही. ते नाटक झालं असतं.

समितीसमोर मी खुर्चीच्या पायाला पाय अडकवून बसले. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. त्यांनी निवेदन मागितलं. मी पर्समधून काढलं आणि म्हटलं की यावर मी सही केलेली नाही, मला तोंडी सांगायचं आहे. माझ्याच तोंडून ते ऐकून मला आश्चर्य वाटलं.

मी सांगितलं ते थोडकंच. सह्या खोट्या असतात हे मला वर्षभरापासून माहीत होतं. मी ते थांबवलं नाही. त्या संध्याकाळी रजिस्टरवर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं, तरी ठेवला. गेट वाजलं. गेटवरच्या दीदींनी मुलीचा आवाज आहे असं सांगितलं आणि उघडू का विचारलं. मी नाही म्हटलं. किल्ली माझ्याकडे होती. पालकांच्या पत्रातलं वाक्यही माझं आहे. मुली उशिरा आल्या तर मीच रोज गेट उघडून द्यायचे. म्हणजे आठ वाजता आलं तरी चालतं, हे त्यांना मीच शिकवलं होतं. त्या मुलीने त्या दिवशी रोजच्यापेक्षा वेगळं काहीच केलं नाही. वेगळं मी केलं.

समितीतल्या एक बाई माझ्याकडे न बघता लिहीत होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "सही कोणी केली होती? नाव सांगा."

"एकीचं नाव नाही सांगता येणार सर. रजिस्टर तुमच्यापुढेच आहे. मागची पानं बघा."

त्यांनी चष्मा लावला. एक पान उलटलं, दुसरं, मग दहा-बारा एकदम. हिरवं पेन, निळं पेन, पुन्हा हिरवं. ते कंटाळल्यासारखे दिसले. "हे तर पूर्ण हॉस्टेलच," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटलं. मला वाटतं, पूर्ण हॉस्टेलची सीट रद्द करता येत नाही हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

बाहेर दीदी बाकावर बसल्या होत्या, त्यांची पाळी होती. मी फक्त म्हटलं, "सच बोलना. मैंने बोल दिया है." त्यांनी कपाळावर हात मारला. "अब आपका क्या होगा?" असं विचारून त्या उत्तर ऐकायला न थांबता आत गेल्या.

माझं काय झालं तर एक पत्र आलं. लेखी ताकीद. आणि त्याच पत्रात खाली, पुढील आदेशापर्यंत हॉस्टेलचा प्रभार माझ्याकडेच राहील. मी ते घरी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "म्हणजे काढलं नाही." आई कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "काढतील कशाला? त्यांना दुसरी कोण मिळणार आहे?" मग थोड्या वेळाने, देठ बाजूला करत, "पण तू एवढं बोललीस? सगळ्यांसमोर?" मी हो म्हटलं. तिने ताटात दोन भाकऱ्या वाढल्या, मी एकच खाते हे ठाऊक असून.

तिघींच्या सीट राहिल्या. मी बारा नंबरच्या मुलीच्या वडिलांना फोन केला. सीट राहिली हे आधी सांगितलं आणि मग बाकीचंही, किल्लीपासून. मग ते म्हणाले, "हे मी तिला सांगतो. यायचं की नाही ते ती ठरवेल. मी नाही ठरवणार."

तीन आठवडे काही कळलं नाही. गेलेल्या मुली एकेक करून परतल्या. रंगाचा वास गेला. मेसमध्ये रविवारी पुन्हा पोहे-जिलबी व्हायला लागली, पुन्हा जिलबी गार असल्याची तक्रार व्हायला लागली. मुख्य वॉर्डन मॅडम रजेवरून सरळ दुसऱ्या विभागात गेल्या. माझ्याशी बोलत नाहीत. दीदी गेटवरच आहेत. मी टकटक करत फिरायचे आणि बारा नंबर सोडून पुढे जायचे. परिस्थिती पूर्ववत झाल्याचं पत्रक निघालं, ते मी लिहिलं नाही. मला ताप आहे असं सांगितलं. ताप नव्हता, पण अंग सारखं दुखत असायचं.

मग एका शनिवारी दुपारी ती आली. वडील सामान घेऊन मागे. प्लास्टर निघालं होतं, मनगट थोडं वाकडं बसलं होतं. गेट उघडंच होतं, तरी ती उंबऱ्यापाशी थांबली आणि पत्र्याकडे बघत राहिली. तिचे केस त्या बाजूला नखाएवढे आले होते. मी पुढे झाले. काय बोलायचं ते मी तीन आठवडे मनात लिहून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"बारा नंबर साफ करून घेतलंय," मी म्हटलं.

"माझी रूममेट?"

"ती वर गेली, दुसऱ्या मजल्यावर. तू म्हणशील तर—"

"नको," ती म्हणाली. "अजून नको."

वडिलांनी बादली, गादी, पुस्तकांची खोकी आत ठेवली. निघताना मला नमस्कार केला. खिशाला हात लावला, जणू तो कागद द्यायचा की नाही ठरवत होते, आणि तसेच गेले.

साडेसातला मी निघाले. एक ते अकरा. मग बारा नंबरवर दोनदा टकटक केली आणि थांबले. आतून टकटक आली नाही. मला वाटलं, तिला पद्धत माहीत नाही, कोणी सांगितली नसेल. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "आतून दोनदा वाजवायचं. म्हणजे मला कळतं."

कडी निघाली. तिने दार पूर्ण उघडलं आणि दारात उभी राहिली, मागे दिव्याचा उजेड.

"वाजवायचं नाही मॅम," ती म्हणाली. "वाजवलेलं तुम्ही ऐकलं होतं. मला बघा."

मी बघितलं. डोळे खाली न घालता, जितका वेळ ती उभी होती तितका वेळ. असं मला आयुष्यात त्याआधी कुणाकडे बघता आलेलं नव्हतं. मग तिने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

आता तिची परीक्षा जवळ आली आहे. डाव्या हाताने ती अजून नीट लिहू शकत नाही, उजव्याने पाऊण तासानंतर दुखतं. लेखनिक मिळावा म्हणून मी अर्ज केलाय आणि रोज विचारायला जाते. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. रूममेट वरून खाली आलेली नाही, पण मागच्या आठवड्यात तिने हिच्यासाठी नोट्स कॉपी करून मेसच्या टेबलावर ठेवल्या, आणि हिने त्या उचलल्या.

बाकीच्या दारांवर टकटकच चालते. बाराच्या दारावर मी थांबते, ती उघडते, आम्ही एकमेकींकडे बघतो. मग मी तेरा नंबरकडे वळते. अजून दोन मजले असतात.